पुढच्या काचेला टवका : घरचं किट घ्यावं की थेट काचवाल्याकडे जावं?

सुदामानगरी
मंडळी, ऑनलाइन मिळणारं ते काच दुरुस्तीचं किट कुणी वापरलंय का? चारपाचशे रुपयांत मिळतंय. फोटोत चार रबरी पायांचा एक सांगाडा, मध्ये पितळी नळी आणि रेझिनची (फटीत भरायच्या पारदर्शक चिकट द्रवाची) इवलीशी बाटली दिसतेय.

प्रकरण असं : मानपूरच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून गिट्टी उडाली आणि काचेवर फाटकन बसली. टवका एक रुपयाच्या नाण्याहून लहान आहे. मध्ये खड्डा, भोवती काळसर वर्तुळ, आणि त्यातून एक बारीक पाय, म्हणजे तडा, खाली वायपरकडे निघालाय. बाहेरून नखाला खड्डा लागतो, आतून काच गुळगुळीत आहे. जागा डाव्या बाजूला, आरशाच्या खाली. माझ्या नजरेच्या आड येत नाही.

मेव्हणे म्हणतात काच बदल, विमा कशाला भरतोस. शेजारचे म्हणतात राहू दे, काही होत नाही. तुमचं मत सांगा.

पलासियाचे_पोहे
आधी त्यावर पारदर्शक सेलोटेप मारा. वाद मग घालू.

मुक्काम_पोस्ट_राऊ
डंपरच्या मागे 'फिर मिलेंगे' लिहिलेलं असतं ना भिया, खडी पाठवून ते शब्द पाळतात.

विजयनगरची_सारथी
मी वापरलंय. सविस्तर लिहिते, कारण बरोबरच्या कागदावरचं भाषांतर वाचून कुणालाही घाम फुटेल.

पहिलं काम खड्डा साफ करायचं. टाचणीने सुटलेले काचेचे कण हलकेच काढायचे, खरवडायचं नाही. चष्मा किंवा गॉगल लावून बसा, कण उडतात. काच कोरडी हवी, पाणी किंवा काच पुसायचं लिक्विड लावून लगेच सुरुवात करू नका. मग तो सांगाडा (त्याला ब्रिज म्हणतात) असा चिकटवायचा की मधली नळी बरोबर खड्ड्यावर येईल. नळीच्या तोंडाचं रबर काचेला टेकलं पाहिजे, पण दाबून चपटं व्हायला नको. नळीत दोनतीन थेंब रेझिन टाकायचं आणि दट्ट्या फिरवत आत न्यायचा. थोडा वेळ दाब ठेवायचा, मग दट्ट्या उलटा फिरवून मागे घ्यायचा म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी वर येते, आणि पुन्हा दाब. हे दाब-ओढ, दाब-ओढ दमाने करायचं. सगळी गंमत इथेच आहे. गाडीत बसून आतून बघितलं तर काळं वर्तुळ कडेकडून विरत जाताना दिसतं. शेवटी एक चंद्रकोर उरते आणि तीही जाते. मी हे बघत बसले आणि दूध उतू गेलं, तो भाग वेगळा.

नंतर ब्रिज काढायचा, खड्ड्यात जाड रेझिनचा एक थेंब, वर प्लास्टिकचा चौकोन, मग ऊन किंवा यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च. कडक झालं की ब्लेड काचेला काटकोनात धरून वरचं जास्तीचं तासायचं. ब्लेड तिरपं धरलंत तर खड्ड्यातलं रेझिनही उचकटून येईल.

सुदामानगरी
ताई, भारी लिहिलंय. टेप मारलीय. दुपारी उन्हात करू की सावलीत?

विजयनगरची_सारथी
सावलीत! रेझिन यूव्हीनेच कडक होतं. उन्हात बसलात तर फटीत शिरायच्या आधीच नळीत गोठेल. सगळं भरून झालं की गाडी उन्हात काढायची. आणि काच तापलेली असताना अजिबात नको. इंदुरात मे महिन्यात म्हणजे सकाळी उजाडता उजाडता.

तिसरा_गिअर
पण तो टवका काळा का दिसतो? काच तर पारदर्शक आहे.

निवृत्त_मास्तर_लोकमान्यनगर
आत हवा अडकली आहे म्हणून. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होतो, सरळ पार जात नाही. रेझिनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) काचेच्या जवळपास, म्हणजे दीडच्या आसपास असतो. हवेची जागा रेझिनने घेतली की प्रकाशाला ती सीमा जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून सारथीताईंना वर्तुळ 'विरताना' दिसलं. तडा तिथेच आहे, फक्त भरला गेला.

विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, सवय जात नाही. पुढची काच एक नसते, दोन असतात. मधोमध पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर. मूळ कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांची. १९०३ साली त्यांच्या हातून एक काचेचा चंबू पडला. फुटला पण विखुरला नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पीव्हीबी नंतर आलं. खडी लागते ती सहसा बाहेरचीच काच फोडते, आतली शाबूत राहते. सुदामानगरींना आतून गुळगुळीत लागतं ते त्यामुळे. आतल्या काचेलाही तडा असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा.

बाजूच्या खिडक्यांची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली. ती फुटली की तिचे बारीक बोथट तुकडे होतात. तिच्यात भरायला काही उरत नाही, त्यामुळे हे किट तिथे निरुपयोगी.

मुक्काम_पोस्ट_राऊ
सर, हे परीक्षेला आहे का?

निवृत्त_मास्तर_लोकमान्यनगर
तुमच्या वेळी होतं. तुम्ही सराफ्यात खायला गेला होतात.

काचेचाच_धंदा
बरेच दिवस वाचतो आहे, आज लिहितो. माझा धंदाच हा आहे, त्यामुळे मी धंद्याचं बोलतोय असं वाटलं तर वाटू दे.

घरचं किट वाईट नाही. पण ते चालतं ते ताज्या, लहान, कोरड्या टवक्याला. गोल खड्डा, ज्याला आम्ही बुल्सआय म्हणतो, तो सगळ्यात सोपा. त्यात रेझिन चटकन पसरतं. स्टार म्हणजे चहूकडे पाय फुटलेला, तो अवघड, कारण पायांची टोकं इतकी बारीक असतात की हवा तिथेच अडून बसते. सुदामानगरींचं दोन्हीचं मिश्रण आहे.

आमच्याकडे जास्तीचं काय असतं? बारीक ड्रिल आणि कार्बाइडची सुई. खड्ड्याचं तोंड आत भरलेल्या चुऱ्याने बंद झालं असेल तर ते त्याने उघडायचं, फक्त बाहेरच्या काचेपुरतं, प्लास्टिकला न लागता. काचेच्या आतल्या बाजूला लावायचा छोटा आरसा, म्हणजे बाहेर उभं राहूनच रेझिन कुठवर गेलं ते दिसतं. ओलावा काढायचं गरम टोकाचं उपकरण. पातळ आणि घट्ट अशी वेगवेगळी रेझिनं : बारीक तड्याला पातळ, वरच्या खड्ड्याला घट्ट. खरं व्हॅक्यूम ओढणारा इंजेक्टर. आणि ३६५ नॅनोमीटरचा दणकट यूव्ही दिवा. किटमधली टॉर्च बघितलीत तर नोटा तपासायच्या कामाची असते.

आणि एक : दुरुस्ती म्हणजे डाग गायब नाही. फिकट ठिपका राहतोच. गिऱ्हाईक पैसे देताना म्हणतं, 'दिसतंय की अजून.' दिसणारच. तडा पुढे जाऊ नये म्हणून हे केलं जातं.

तिसरा_गिअर
म्हणजे शेवटी 'आमच्याकडे या' असंच ना, साहेब?

काचेचाच_धंदा
नाही. ताज्या टवक्याचं तुम्ही घरी करू शकता असं वर लिहिलंय, पुन्हा वाचा. मी 'या' म्हणतो ते ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच्या टवक्याला. तिथे ठिपका राहिला की रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्यावर फुटतो.

आधी_रामबाग_आता_लेस्टर
इकडे इंग्लंडात वार्षिक तपासणीला याचा लिखित नियम आहे. स्टिअरिंगच्या मध्यावर धरून २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा मोजतात. त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठं नुकसान असेल तर गाडी नापास. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात मर्यादा ४० मिलिमीटर. त्यामुळे इथे लोक टवका दिसला की धावतात. (रामबागेत असताना आमच्या बाबांच्या फियाटच्या काचेला टवका होता की टवक्याला काच होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.)

हिशेबी_माणूस
विम्याचा मुद्दा मेव्हण्यांनी काढलाय म्हणून आकडे मांडतो. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत हे खरं. प्लास्टिक-रबरावर ५० टक्के कापतात, काचेवर शून्य. पण सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून : १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००.

खरा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी १०,००० आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. क्लेम केलात की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढण. दरवर्षी हरवलेली सूट बघा : ५,०००, मग ३,०००, २,५००, १,५००, ५००. झाले १२,५००. गाडीची किंमत उतरते तसा हप्ता उतरतो, म्हणून थोडं कमी धरा. तरी ७,००० च्या काचेसाठी क्लेम करून ६,००० मिळवणाऱ्याने कागद-पेन घेऊन बसावं. बोनस-संरक्षणाचं ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित वेगळं. आपली पॉलिसी उघडून वाचा, एजंटला विचारू नका.

सुदामानगरी
हे मेव्हण्यांना पाठवलं. 'बघू' असं उत्तर आलंय.

पिथमपूर_पाळी
गाडी नवी असेल तर अजून एक बघा. आरशाच्या मागे काचेला कॅमेरा चिकटवलेला आहे का? लेन सोडली की ओरडणाऱ्या, आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत असतो. काच बदलली की तो कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा (नेमका जुळवून घ्यावा) लागतो आणि त्याचं बिल वेगळं. नुसत्या काचेच्या भावावर जाऊ नका. आणि टवका कॅमेऱ्याच्या समोरच असेल तर घरी प्रयोग नको.

मुक्काम_पोस्ट_राऊ
तुमच्याकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे डंपर सोडतात का हो? गिट्टीची चाचणी झाली पाहिजे.

पिथमपूर_पाळी
त्यासाठी ट्रॅक कशाला, खंडवा रोड आहे की.

नवीन_सभासद_७
नमस्कार. माझ्याकडे घरात तुरंत चिकटणारा गोंद आहे, तोच टाकला तर? व्हिडिओत एकाने टूथपेस्टसुद्धा लावली होती.

काचेचाच_धंदा
हात जोडतो, नको. तो गोंद ठिसूळ असतो, उन्हाने काच फुगते-आकसते तसा तडकतो, आणि वाळताना भोवती पांढुरकी वाफ धरते. वर तो फटीत बसला की नंतर खरं रेझिन जायला जागा राहत नाही. मग आम्हीही काही करू शकत नाही. टूथपेस्टने दात घासावेत.

गणपती_घाट_पार
'राहू दे, काही होत नाही' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसाठी. आमच्या सोसायटीत एकांच्या काचेवर असाच टवका होता. गाडी दिवसभर उघड्यावर, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू. दुपारी त्यांनी धुवायला पाइप घेतला आणि पहिलं थंड पाणी नेमकं काचेवर मारलं. टक् असा आवाज आला आणि टवक्यातून रेघ निघाली ती थेट कडेपर्यंत. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो, मला वर ऐकू आला.

निवृत्त_मास्तर_लोकमान्यनगर
यामागचं कारण ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमाराला मांडलं. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो; टोक जितकं अणकुचीदार तितका ताण जास्त. लांबी वाढली की तडा पुढे सरकायला लागणारं बळ कमी होत जातं, म्हणून लहान असतानाच भरायचा. लांब तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात तेही यासाठीच, टोक बोथट होतं.

आणि पाणी. ताणाखालच्या काचेत तड्याच्या टोकाशी ओलावा पोचला की तिथले बंध सहज तुटतात आणि तडा हळूहळू सरकत राहतो. पावसाळ्यात 'काही न करता वाढला' म्हणतात तो असा वाढतो. पलासियाकरांचा सेलोटेपचा सल्ला एका ओळीचा होता, पण सोळा आणे खरा.

पलासियाचे_पोहे
सर, हे फ्रेम करून लावतो.

वडोदरेकर_वहिनी
आमच्या वडोदऱ्यात पाऊस सुरू झाला की हाच त्रास. ओला झालेला टवका भरायचा असेल तर आधी काय करावं? हेअर ड्रायर चालेल का?

काचेचाच_धंदा
चालेल वहिनी, पण दुरून आणि कमी गरम, शक्यतो काचेच्या आतल्या बाजूने. एका जागी धरून ठेवू नका, नाहीतर ड्रायरनेच तडा पळेल. मग काच पूर्ण गार होऊ द्या आणि रेझिनला हात घाला. पाणी आत राहिलं तर रेझिन तिथे पोचत नाही, दुधाळ डाग राहतो.

तिसरा_गिअर
एक शंका. बाहेर ऊन नको, तर मी यूव्ही टॉर्च आत बसून आतून मारली तर?

निवृत्त_मास्तर_लोकमान्यनगर
उपयोग नाही. मधला पीव्हीबीचा थर बहुतेक सगळं यूव्ही अडवतो. तडा बाहेरच्या काचेत, टॉर्च आत, आणि दोघांच्या मध्ये भिंत. बाहेरूनच मारावी लागेल, आणि टॉर्चच्या तोंडाकडे बघू नका.

मुक्काम_पोस्ट_राऊ
मग पुढच्या काचेला यूव्हीची म्हणून काळी फिल्म विकणारे...?

हिशेबी_माणूस
ते चलान विकतात. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे असा मोटार वाहन नियम १०० आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली तो निकाल याच नियमावर. पण विषयावर या, नाहीतर धागा फिल्मचा होईल.

सुदामानगरी
विषयावर आलो. किट आलं आणि काम केलं. उजाडता उजाडता, पार्किंगच्या छपराखाली. टेप काढल्यावर गोंदाचा चिकटा राहिला होता, तो स्पिरिटने पुसून वाळू दिला. ब्रिज पहिल्यांदा लावला तो सरकला, कारण एका पायाखाली धूळ होती. दुसऱ्यांदा धरला. गोल भाग सुरेख भरला, ताई म्हणाल्या तशीच शेवटी चंद्रकोर उरली आणि गेली. पायाच्या टोकाशी मात्र केसभर चकाकी राहिलीय, तिरप्या उन्हात दिसते. मग उन्हात ठेवलं, ब्लेडने तासलं. आता नखाला खड्डा लागत नाही.

काचेचाच_धंदा साहेब, ती चकाकी म्हणजे टोक कोरडं राहिलं ना? परत रेझिन टाकू?

काचेचाच_धंदा
हो, हवा राहिली. दाब चालू असताना आतून त्या पायाखाली अंगठ्याने हलका रेटा दिला असता तर फट किंचित उघडून रेझिन टोकापर्यंत गेलं असतं. आता वरून टाकून उपयोग नाही, वाट बंद झाली. ड्रिलने नवं तोंड उघडावं लागेल, ते घरी करू नका.

पण घाई नाही. टोकाच्या बरोबर पुढे आतल्या बाजूने मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. रेघ ओलांडली नाही तर विसरून जा. ओलांडली तर या, किंवा तुमच्या जवळ जो कोण असेल त्याच्याकडे जा. तोवर गाडी तापलेली असताना एसीचा झोत काचेवर सोडू नका.

विजयनगरची_सारथी
पहिल्या वेळेच्या मानाने उत्तम. उरलेलं रेझिन फ्रिजमध्ये जपून ठेवू नका हं, बाटली एकदा उघडली की उजेड लागतोच. पिवळट दिसलं तर टाकून द्या.

नवीन_सभासद_७
माझा टवका नाही, तडाच आहे. कडेपासून निघून वीतभर आत आलाय. किट मागवू?

काचेचाच_धंदा
कडेपासून निघालेला आणि वीतभर? बदला. कडेला काचेवर ताण असतोच, तिथला तडा थांबत नाही. बदलताना जुना गोंद नीट कापून काढतात का, नवा युरेथेन (काच चिकटवायचा गोंद) एकसलग सोडतात का, एवढं उभं राहून बघा. नवी काच बसली की गाडी किती तासांनी हलवायची ते गोंदाच्या जातीवर असतं; ते विचारा आणि तेवढं थांबा. पहिले एक-दोन दिवस एक खिडकी थोडी उघडी ठेवा आणि दारं आपटू नका, आतल्या हवेच्या दाबाने ओला गोंद सरकतो.

नवीन_सभासद_७
धन्यवाद साहेब. काच बदलतो. दार आपटू नका हे मात्र आमच्या मातोश्रींना तुम्हीच फोन करून सांगा.